मतपत्रिकेवरची कोरी ओळ

मत देणे म्हणजे समोर ठेवलेल्या नावांपैकी एक निवडणे, की सत्ता कोणाच्या हाती असावी याविषयी स्वतःचे म्हणणे नोंदवणे, हा प्रश्न अमेरिकेतल्या निवडणूक-व्यवहाराला बराच काळ पडलाच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत तिथे सरकारी मतपत्रिका नव्हती. मतदार स्वतः लिहून आणलेली किंवा, पुढे सर्रास, पक्षाने छापून हाती दिलेली चिठ्ठी पेटीत टाकत असे. नाव कोणाचे असावे याला त्यामुळे सरकारी यादीची आडकाठी नव्हती, पण ज्याच्या चिठ्ठ्या छापून वाटणारे कोणी नाही त्याला मत मिळणे व्यवहारात दुरापास्त होते. 1860 मध्ये दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत अब्राहम लिंकन यांच्या बाजूच्या चिठ्ठ्या वाटल्याच गेल्या नाहीत, आणि तरीही ते अध्यक्ष झाले.

पक्षांच्या चिठ्ठ्या रंगावरून वा आकारावरून दुरूनही ओळखू येत असल्याने मते विकत घेणाऱ्याला आपला पैसा कारणी लागला की नाही हे पडताळता येई. यावरचा उपाय ऑस्ट्रेलियातून आला. व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी 1856 मध्ये स्वीकारलेली पद्धत, म्हणजे सरकारने छापलेली, सर्व उमेदवारांची नावे असलेली आणि आडोशाला भरायची मतपत्रिका, मॅसॅच्युसेट्सने 1888 मध्ये राज्यभर लागू केली व थोड्याच वर्षांत ती बहुतेक राज्यांत रुजली. गुप्तता साधली, हे फार मोठे काम झाले. मात्र नावांची यादी ठरवण्याचा अधिकार त्यासरशी राज्याकडे गेला. अनेक राज्यांनी यादीखाली एक कोरी ओळ राखली, ती या गमावलेल्या अधिकाराचा अवशेष होय. तिच्यावर हाताने लिहिलेल्या, छापील यादीबाहेरच्या नावाला ‘राइट-इन’ उमेदवार म्हणतात.

ही ओळ बहुधा निष्फळ ठरते, पण नेहमीच नाही. 1954 मध्ये साउथ कॅरोलायनात विद्यमान सिनेटरच्या निधनानंतर पक्षाच्या समितीने प्राथमिक निवडणूक, म्हणजे मतदारांकरवी होणारी पक्षांतर्गत उमेदवारनिवड, न घेताच उमेदवार ठरवला, तेव्हा संतापलेल्या मतदारांनी स्ट्रॉम थर्मंड यांचे नाव लिहून त्यांना निवडून दिले. 2010 मध्ये अलास्कात प्राथमिक निवडणूक हरलेल्या सिनेटर लिसा मर्काउस्की याच वाटेने परतल्या. त्यांचे आडनाव लिहायला अवघड असल्याने प्रचारात भाषणांइतकेच स्पेलिंग शिकवावे लागले. कोऱ्या ओळीपुढचा लंबगोल काळा करून ते आडनाव लिहायचे, ही मतदाराची कसोटीच होती, आणि मोजणीच्या टेबलावर प्रतिस्पर्धी जो मिलर यांचे निरीक्षक चुकलेल्या अक्षरांवर हरकती घेत होते. अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पेलिंग अचूक असण्याचा आग्रह फेटाळला व मतदाराचा हेतू कळणे पुरेसे मानले. हा निकाल लोकशाहीच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण अक्षर चुकले म्हणून माणसाचे म्हणणे रद्दबातल होत नाही, हे त्यात मान्य झाले.

पण मत हे म्हणणे आहे का, याविषयी न्यायालयांचेही एकमत नाही. हवाई राज्यात राइट-इन मतांना मनाई होती. बर्डिक विरुद्ध ताकुशी या 1992 च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती वैध ठरवली, आणि निवडणुकीचे काम प्रतिनिधी निवडण्याचे आहे, सर्वसाधारण अभिव्यक्तीचे व्यासपीठ होण्याचे नव्हे, अशी भूमिका घेतली. भारतात मतदाराला कोरी ओळ मिळालेली नाही. तरी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व उमेदवार नाकारण्याचा ‘नोटा’ हा पर्याय देण्याचा आदेश देताना तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याशीच जोडला. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने तर 2018 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घेण्याचा आदेश काढून नकारालाही परिणामाची जोड दिली. हवाईच्या मतदाराला जे नाकारले गेले त्याच्या हे कितीतरी जवळचे आहे.

म्हणणे आणि निवड यांची सर्वांत मोठी फारकत मात्र अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत दिसते. ‘पॉप्युलर व्होट’, म्हणजे देशभरातील मतदारांच्या मतांची बेरीज, हिला तिथल्या संविधानात स्थानच नाही. अध्यक्षाची निवड राज्यांनी नेमलेले निर्वाचक करतात, आणि ते कसे नेमावेत हे राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवलेले आहे. 1824 मध्ये न्यूयॉर्कसह सहा राज्यांत विधिमंडळांनीच निर्वाचक नेमले, त्यामुळे अँड्रू जॅक्सन यांची त्या वर्षीची आघाडी ज्या बेरजेवर सांगितली जाते तीत या राज्यांतला मतदार मुळीच नाही. 1960 चे अलाबामा तर याहून विलक्षण आहे: डेमोक्रॅटिक पक्षाच्या अकरा निर्वाचकांपैकी पाच पक्षाचे उमेदवार केनेडी यांच्याशी बांधील व सहा अबांधील होते आणि मतदार प्रत्येक निर्वाचकाला वेगळे मत देत होता, तेव्हा केनेडींना तिथे नेमकी किती मते पडली याचे निर्विवाद उत्तर देताच येत नाही. देशभरातील त्यांची आघाडी जेमतेम 1 लाख 13 हजारांच्या आसपास मानली जाते. अलाबामातील पक्षाची मते पाच व सहा या प्रमाणात वाटली, तर त्यांचे प्रतिस्पर्धी निक्सनच पुढे जातात.

2000 आणि 2016 मध्ये बेरजेत मागे असलेला उमेदवार अध्यक्ष झाल्यापासून या आकड्याचे नैतिक वजन वाढले आहे. देशात सर्वाधिक मते मिळवणाऱ्यालाच आपले निर्वाचक देण्याचा करार 2007 मध्ये सर्वप्रथम मेरिलँडने स्वीकारला. त्यात सामील राज्यांचे निर्वाचक 270 झाले की तो अमलात यावयाचा आहे. त्याचा हेतू न्याय्य आहे. परंतु छापील यादीत येण्याचे नियम राज्याराज्यांत निरनिराळे आहेत आणि हाताने लिहिलेले नाव काही ठिकाणी मोजले जाते, तर काही ठिकाणी नाही. अशा असमान मतपत्रिकांवरची मते एकत्र करून देशाचा कौल ठरवायचा असेल, तर मतदाराला काय लिहू दिले जाईल हे बेरजेच्या आधी सर्व राज्यांना मिळून ठरवावे लागेल.