आगटीच्या कडेला

जिंतूरला पहिल्यांदा आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास विचारतो, "इथलं स्पेशल काय?" कोल्हापूरकराला या प्रश्नावर विचार करावा लागत नाही, नागपूरकर सावजीचं नाव घेऊन मोकळा होतो. आमच्या जिल्ह्यातला माणूस आधी 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणून हसतो, मग जरा गप्प होतो आणि शेवटी पाहुण्याला सुशीला खाऊ घालतो. भिजवून पिळलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी द्यायची, वरून डाळव्याचं पीठ भुरभुरायचं, झाली सुशीला. पाहुणा दोन घास खाऊन म्हणतो, "छान आहे, पोह्यांसारखंच लागतं." विषय तिथंच संपतो.

गेल्या पौषात माझा भाचा आला होता. तो मालवाहू जहाजावर नोकरी करतो, आणि गेली दोन वर्षं त्याच्या फेऱ्या कॅरिबियन बेटांकडे होत्या. त्रिनिदादमधलं 'डबल्स' त्याच्या तोंडी सारखं येत होतं. हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, मध्ये पातळसर छोले, वर चिंचेची चटणी. कागदात गुंडाळून देतात, आणि ते रस्त्याच्या कडेला उभ्यानं खायचं. त्या पुरीला तिथं 'बारा' म्हणतात. आपल्या वड्याचीच ती लांबची बहीण. "मामा, टॅक्सीवाल्याला विचारा नाहीतर कस्टमच्या साहेबाला, सगळे हेच नाव सांगतात," तो म्हणाला. पहिल्या हिंदी गिरमिटियांना घेऊन 'फातेल रझाक' हे जहाज ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला लागलं. उसाच्या मळ्यात राबायला नेलेल्या त्या माणसांच्या पणतवंडांनी विसाव्या शतकात हा पदार्थ रस्त्यावर आणला, आणि आज तो साऱ्या देशाचा झाला आहे. एवढं सांगून त्यानं मला तोच प्रश्न विचारला. इथलं काय?

जिंतूरला बाहेरची माणसं येत नाहीत असं नाही. गावाला लागूनच नेमगिरीचा डोंगर आहे, तिथल्या जैन लेण्यांना दूरदूरचे यात्रेकरू येतात. पण ते दिवेलागणीच्या आत जेवतात, कांदा-लसूण खात नाहीत, त्यांची व्यवस्था त्यांची. येतात ते देवाकडे, आमच्या चुलीशी त्यांचं काम नाही, आणि यात तक्रार करण्यासारखंही काही नाही. येलदरीचं धरण बघायला येणारे घरून डबा आणतात. तेव्हा भाच्याला मी म्हटलं, चल, हुरडा खाऊ. पौष महिना होता, आणि स्वतःच्या शेतातला हुरडा खाऊ घालायची सोय मला उरलेली नव्हती. आमच्या चार एकरांत आता सोयाबीन होतं आणि त्यावर हरभरा. रब्बी ज्वारी मुळासकट उपटून काढावी लागते, कमरेचा काटा ढिला होतो, आणि त्या कामाला मजूर मिळत नाही. कृषी विद्यापीठ आमच्याच जिल्ह्याच्या गावी आहे, १९७२ साली स्थापन झालेलं. तिथून 'परभणी ज्योती', 'परभणी मोती' असे वाण निघाले, २०१८ मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' आली. ज्वारीला आमच्या जिल्ह्याचं नाव मिळालं आणि आमच्या शेतातून ज्वारी गेली.

म्हणून जालन्याच्या पलीकडच्या एका कृषी पर्यटन केंद्रात गेलो. माणशी चारशे रुपये. महाराष्ट्रात हा धंदा आता चांगला रुजला आहे. पांडुरंग तावरे यांनी बारामतीकडे २००५ च्या सुमारास त्याला रूप दिलं, आणि २०२० मध्ये सरकारनं त्यासाठी धोरणही आणलं. शेतकऱ्याला पिकाच्या भावाखेरीज चार पैसे सुटत असतील तर मला त्यात वावगं दिसत नाही. हुरडा विकला म्हणून आपली संस्कृती बुडाली असा गळा काढणारे पुष्कळ भेटतात. ते बहुधा हुरडा फुकट खाणारे असतात.

तिथं सगळं यथासांग होतं. बैलगाडीची चक्कर होती, झोका होता, बोरं होती, उसाची कांडकी होती, फोटोसाठी एक जातं मांडून ठेवलं होतं. पिकाच्या नावाखाली पाच-सात गुंठे ज्वारी होती, पाहुण्यांना तोंडी लावण्यापुरती. खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटलेली आणि निखाऱ्यांत कणसं खुपसलेली. आगटीच्या कडेला एक बाई उकिडवी बसली होती. ती कणीस काढायची, दोन्ही तळव्यांत धरून चोळायची, सुपात घेऊन फुंकर मारायची. कोंडा उडाला की कोवळे हिरवे दाणे ताटलीत. दाणे चिकात असतात तोवरच हे जमतं. आठ दिवस उशीर झाला की दाणा निबर होतो, चार दिवस लवकर काढला तर नुसतं दूध. तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी चिंधी गुंडाळलेली होती, राखेनं काळी झालेली. दिवसभरात शंभर-दीडशे पाहुण्यांचा हुरडा त्या दोन तळव्यांतून जात होता.

"गरम हाय तवर खा दादा, गार झाला की चव जाती," ती म्हणाली.

दाण्यांवर लसणाची चटणी, बाजूला दही, गुळाचा खडा. भाचा खूश झाला. मग त्यानं जहाजावरच्या मोकळ्या सवयीनं विचारलं, "मावशी, तुम्ही खाल्ला का?"

"आमचं काय. सकाळी कण्या खाऊन आले मी."

कण्या म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं : ज्वारी जाडसर भरडायची, चाळून पीठ भाकरीला काढायचं, चाळणीत जो रवाळ भरडा उरतो तो पाण्यात मीठ घालून शिजवायचा. असलं तर ताक, नसलं तर नुसतंच. दुपारच्या जेवणाच्या फळ्यावर पिठलं होतं, ठेचा होता, भरीत, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, खरवस होता. कण्या नव्हत्या. भाच्यानं व्यवस्थापकाला कारण विचारलं. तो भला माणूस होता, हसून म्हणाला, "साहेब, ते गरिबाचं खाणं. पाहुण्याला कसं वाढायचं?"

परतताना गाडीत भाचा बराच वेळ बोलत होता. जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ आहे आकी आणि खारवलेला कॉड मासा. कॉड उत्तर अटलांटिकचा, आणि त्यातला हलक्या प्रतीचा माल मळ्यांवरच्या गुलामांसाठी जहाजांनी यायचा, कारण त्यांना पोसायला तो स्वस्त पडायचा. आकीचं फळ आलं पश्चिम आफ्रिकेतून. ब्रेडफ्रूटची गोष्ट तर आणखी उघडी. उसाच्या मळ्यातल्या माणसांचं पोट कमी पैशात भरावं म्हणून कॅप्टन ब्लाय ती रोपं ताहितीहून आणायला निघाला. पहिल्या खेपेत १७८९ मध्ये 'बाउंटी' जहाजावर बंड झालं, दुसऱ्या खेपेत १७९३ साली रोपं सेंट व्हिन्सेंटला पोचली. ज्यांच्यासाठी आणली त्यांनी सुरुवातीला ती फळं तोंडात घ्यायला नकार दिला. आज त्याच बेटावर निखाऱ्यात भाजलेलं ब्रेडफ्रूट आणि तळलेला मासा हा देशाचा पदार्थ आहे, आणि पर्यटकाला तो मानानं वाढतात.

हे ऐकताना मला मिलो आठवली. बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेची लाल ज्वारी रेशनवर यायची, तिला सगळे मिलो म्हणत. दुष्काळी कामावर सुकडी वाटायचे. मिलोची भाकरी थापताना चिरायची, तिचा रंग पाहून लेकरं ताट सरकवायची. दूरवर बसलेल्या कुणीतरी राबणाऱ्यांच्या पोटाचा हिशेब करून पाठवलेलं अन्न, या बाबतीत मिलो आणि ब्रेडफ्रूट सख्खी भावंडं. पण ब्रेडफ्रूट त्या बेटाच्या मातीत रुजलं, तिथल्या माणसांनी ते आपलं म्हटलं. मिलो पोत्यातून आली आणि पोत्याबरोबर गेली. मागे राहिली ती फक्त जुन्या माणसांच्या बोलण्यात.

हैतीची गोष्ट मला सगळ्यांत जास्त भिडली. फ्रेंच मालकांसाठी भोपळ्याचं सूप गुलामांनी शिजवायचं, पण चाखायचं नाही. १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र झाला, आणि तेव्हापासून दर १ जानेवारीला घरोघरी तेच सूप शिजतं. त्याचं नाव सूप जुमू. २०२१ मध्ये युनेस्कोनं ते अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आमचाही एक वेगळा स्वातंत्र्यदिन आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं, जिंतूरही तेव्हा हैदराबाद संस्थानातच होतं. त्या दिवशी आम्ही झेंडा लावतो, भाषणं ऐकतो. पण त्या दिवसाचा म्हणून एकही पदार्थ आमच्या चुलीवर चढत नाही. पेयाचं म्हणाल तर उलटंच झालं. शिंदीच्या अबकारीवर निजामाचा खजिना भरायचा, म्हणून मुक्तिसंग्रामात सत्याग्रहींनी शिंदीची झाडंच तोडली. कॅरिबियनमध्ये उसाच्या मळीतून निघालेली रम आज पर्यटकांना कारखाना दाखवत पाजतात, बार्बाडोसची एक भट्टी तर १७०३ चा दाखला मिरवते. आमची शिंदी स्वातंत्र्याच्या कुऱ्हाडीखाली गेली. झाडं तोडणाऱ्यांना मी दोष देणार नाही, पण गंमत वाटते खरी.

मग हा फरक पडला कशामुळे? मला वाटतं, पाहुणचारात यजमान कोण, यावर सगळं ठरतं. त्या बेटांवर राबणाऱ्यांचे वंशजच बहुसंख्य होते. देश त्यांच्या हाती आला, आणि पाहुण्यापुढे काय वाढायचं हेही त्यांनीच ठरवलं. (तिथल्या मोठ्या हॉटेलांत परदेशातून आणलेलं अन्नच वाढतात, असं भाचा म्हणाला. स्वर्ग तिथंही नाही.) आपल्याकडे 'गावरान जेवण' म्हणून जे ताट सजतं ते शेतमालकाचं ताट असतं. ज्याच्या घरी दुभतं आहे, त्याच्याच पंगतीत खरवस येतो. गावकुसाबाहेर काय शिजत होतं ते या ताटात येत नाही, आणि तरी ताटाचं नाव मात्र 'गावाची चव'.

शाहू पाटोळे मराठवाड्याचेच. त्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. 'पूर्ण'च्या आधी एक 'अ' लावून त्यांनी केवढं तरी सांगून टाकलं. मांग आणि महार समाजांच्या चुलीवर काय आणि कसं शिजत होतं, तेल-तुपाशिवाय चव कुठून यायची, मांसाच्या चान्या वाळवून कशा ठेवायच्या, रक्ती कशी करायची, हे त्यात नोंदवलेलं आहे. त्याच वर्षी राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदीचा कायदा लागू झाला, म्हणजे त्यातले काही पदार्थ एकीकडे पुस्तकात आले आणि दुसरीकडे चुलीवरून उतरले. ते वाचताना मला लाज वाटली ती अज्ञानाची. आमच्या सालगड्याच्या घरापासून माझं घर हाकेच्या अंतरावर होतं, आणि त्याच्या घरी काय खातात हे मला साठीत पुस्तकातून कळलं.

हुरड्याच्या माझ्या आठवणी गोड आहेत. गुळभेंडीच्या ओळी बांधाकडेला वेगळ्या पेरलेल्या असायच्या, थंडीत सगळे आगटीभोवती बसायचे, वाटसरूलासुद्धा हाक मारून बोलवायचे. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला अजून असंच बोलावतात, शेतात भज्जी आणि आंबील घेऊन. पण नीट आठवून पाहिलं तर आमच्या आगटीभोवतीही जागा ठरलेल्या होत्या. वडिलांची माणसं वाऱ्याच्या बाजूला. सालगडी आणि त्याची बायको धुराच्या बाजूला, कारण चोळायचं काम त्यांचं. कुणी त्यांना तिथं बस असं म्हणत नसे. ते बसत. पीक निघाल्यावर त्याच बायका मोकळ्या रानात सरवा वेचायच्या, पडलेली कणसं ओट्यात गोळा करत. आजच्या पर्यटन केंद्रात हुरड्याला तिकीट आहे हा बदल मोठा म्हणतात. मला दिसलं ते हे, की आगटीच्या धुराच्या बाजूला अजून तीच बाई बसली आहे. फरक एवढाच की तिला आता रोज मिळतो.

तिच्या कण्या फळ्यावर याव्यात, असं मला गाडीत फार वाटत होतं. भाचा तर पेटलाच होता. म्हणाला, "मामा, घरी गेल्यावर आजीला सांगू, रात्री कण्या कर."

आई ऐंशीच्या पुढची आहे. बहात्तर साली ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, मी तिच्या पाठीमागे. नातवाचं म्हणणं तिनं पूर्ण ऐकून घेतलं. राष्ट्रीय पदार्थ, हैती, भोपळ्याचं सूप, सगळं.

"कण्या?" ती म्हणाली. "दोन वर्सांनी आलास तू. आन मी तुला कण्या घालू?"

"आजी, मला चाखायच्या आहेत."

"चाखायला काय हाय त्यात? म्या खाल्ल्यात चिक्कार, तुझ्या वाटच्या बी खाल्ल्यात."

एवढं बोलून तिनं माझ्या बायकोला डबा उघडायला सांगितला आणि हरभऱ्याची डाळ मापून काढली, पुरणासाठी.