गाठीतून पुढे काय जाते?

कर्करोगाच्या गाठीतला अंश निरोगी प्राण्याच्या शरीरात घातला, तर त्यालाही कर्करोग होतो का? या प्रश्नाचे ढोबळ उत्तर, 'होऊ शकतो', लवकर मिळाले. तो अंश म्हणजे जिवंत पेशी, विषाणू, जनुक की मेलेल्या पेशीचा चुरा, हे उलगडण्याचे काम मात्र शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. मुंबईच्या परळमधील संशोधनाचाही या प्रवासात वाटा आहे.

१८७६ मध्ये म्स्तिस्लाव्ह नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने एका कुत्र्याची गाठ दुसऱ्या कुत्र्यात रुजवून दाखवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कच्या कार्ल येन्सन यांनी उंदराची गाठ अनेक उंदरांमध्ये एकामागून एक वाढवली. पण या प्रयोगांत वाढत होत्या त्या मूळ गाठीच्याच पेशी. कलम दुसऱ्या झाडावर वाढले, म्हणून त्या झाडाचा वाण बदलत नाही. यजमान प्राण्याच्या स्वतःच्या पेशी बिघडतात का, हा प्रश्न तसाच राहिला.

त्यासाठी पेशी बाजूला काढणे भाग होते. १९०८ मध्ये एलरमन आणि बांग यांनी कोंबड्यांचा रक्ताचा कर्करोग पेशीविरहित अर्काने दुसऱ्या कोंबड्यांना होतो, हे दाखवले. न्यूयॉर्कच्या पेटन राऊस यांनी कोंबडीच्या छातीवरची गाठ घेतली, ती वाळूबरोबर खलली, क्षारद्रावणात कालवली आणि जीवाणूही अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळली. १९११ मध्ये त्यांनी जाहीर केले की त्या गाळीव द्रवाच्या टोचणीनेही नव्या गाठी येतात. तो घटक विषाणू होता. उंदरांवर असा परिणाम मिळेना, त्यामुळे हे कोंबड्यांपुरतेच असावे असे अनेकांनी मानले. राऊस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये.

उंदरांमधला पुरावा दुधातून आला. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांच्या काही वाणांमध्ये स्तनाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या दिसे आणि तो आईकडून येई. जॉन बिटनर यांनी अशा वाणाची नवजात पिल्ले निरोगी वाणाच्या दाईच्या अंगावर पाजायला दिली. वाण तोच, आई बदलली. आणि त्या पिल्लांमधले कर्करोगाचे प्रमाण घटले. १९३६ मध्ये मांडलेला हा 'दुधातला घटक' पुढे विषाणूच ठरला.

परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये याच विषयावर काम झाले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) मूळच्या पुण्याच्या. अमेरिकेत ऊतीसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि संस्थेत त्याची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या स्तनकर्करोगाचा अभ्यास करताना त्यांनी विषाणू आणि संप्रेरके यांच्या परस्परसंबंधाकडे लक्ष वेधले. बी आणि जमीन दोन्ही पाहायला हवीत, ही या कामातली मोलाची दृष्टी होती.

यानंतर विचार विषाणूपलीकडे गेला. १९७६ मध्ये बिशप, व्हार्मस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की राऊसच्या विषाणूतले कर्करोगकारी जनुक मुळात पक्ष्यांच्या निरोगी पेशींतलेच आहे. रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने मानवी मूत्राशयाच्या कर्करोगातला शुद्ध डीएनए उंदराच्या पेशींत घातला. पेशी बिघडल्या. १९८२ मध्ये कळले की त्या डीएनएतल्या कर्करोगकारी जनुकातले अवघे एक अक्षर बदलले होते. मात्र त्या पेशी आधीच अमर्याद वाढणाऱ्या होत्या. १९८३ च्या प्रयोगात सामान्य पेशींना पुरते बिघडवायला दोन जनुके एकत्र लागली.

शरीरात कोणी डीएनए टोचत नाही. पण मरणाऱ्या पेशी तो रक्तात सोडतात. २००१ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी मृत कर्कपेशींचे तुकडे इतर पेशींना खाऊ घातले. ज्यांच्यात 'पी ५३' हे रक्षक जनुक नव्हते, त्या पेशी बिघडल्या आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत त्यांच्या गाठी झाल्या. ज्यांच्यात ते शाबूत होते, त्यांनी परकी जनुके पुढे चालू दिली नाहीत.

टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने हाच धागा पुढे नेला. २०१५ मध्ये त्यांनी मांडले की रक्तातले क्रोमॅटिनचे (डीएनए आणि प्रथिने यांच्या गुंफणीचे) सुटे कण निरोगी पेशींच्या केंद्रकात शिरून तिथल्या डीएनएला जखमा करतात, आणि कर्करुग्णांच्या रक्तातले कण अधिक घातक असतात. असे कण उंदरांच्या शिरेतून दिल्यावर त्यांच्या अवयवांतही इजा दिसली. २०१७ मध्ये मरणाऱ्या कर्कपेशींपासून इजेसोबत दाहही होतो, असे त्यांनी नोंदवले.

डीएनएला झालेली जखम म्हणजे कर्करोग नव्हे; ती त्या दिशेची एक पायरी असू शकते. प्रयोगातला उंदीर बहुधा एकाच वाणाचा, कधी प्रतिकारशक्ती नसलेला असतो आणि अंश थेट त्याच्या शरीरात टोचलेला असतो. म्हणून या निष्कर्षांचा आधार घेऊन रुग्णाचे ताट वेगळे करणे, त्याला जवळ न घेणे हे निखालस चूक आणि क्रूर आहे. स्पर्शाने कर्करोग लागत नाही. कर्करोगाला कारण ठरू शकणारा एचपीव्हीसारखा विषाणू मात्र माणसातून माणसात जातो, आणि त्याला लशीने रोखता येते.

मेलेल्या पेशींच्या चुऱ्यामुळे कर्करोग होतो, हे निर्विवाद ठरायचे तर कसोटी जुनीच आहे. नवी गाठ यजमानाच्याच पेशींची असावी, त्या पेशींत आलेल्या अंशाची खूण सापडावी, आणि तो अंश निष्प्रभ केल्यावर गाठ येऊ नये. कलम आणि बदललेला वाण यांतला फरक याच तीन गोष्टींनी ठरतो.