शरीर शहाणे असते का?

निसर्ग आपल्या हिताचाच असतो, ही श्रद्धा देव मानणारे आणि न मानणारे दोघेही बाळगतात. एकाच्या मते, ज्याने जन्म दिला त्यानेच रक्षणाची सोय केली. दुसऱ्याच्या मते, उत्क्रांतीने शरीराला शहाणे केले. दोघांनाही आवडेल असा पुरावा आपल्या श्वेतपेशींत आणि त्वचेत आहे. एलएल-३७ हे पेप्टाइड म्हणजे अवघ्या ३७ अमिनो आम्लांची साखळी. तिच्यावर धनभार असतो आणि जिवाणूच्या आवरणावर ऋणभार. त्यामुळे ती तिथे चिकटते आणि आवरण फोडते. आपल्या पेशींच्या बाह्य आवरणावर तसा ऋणभार नसल्याने त्या सहसा वाचतात. शिवाय काही जिवाणूंच्या आवरणातून सुटणारे विषद्रव्य हेच पेप्टाइड बांधून ठेवते आणि दाहाचा भडका आवरते. शत्रूला मारणे आणि स्वतःच्या संतापाला आवर घालणे ही दोन्ही कामे एकाच रेणूकडे असावीत, हे पाहून कुणाला नियंता आठवला तर नवल नाही.

सेप्सिस मात्र या श्रद्धेची कठोर परीक्षा घेतो. २०१६च्या व्याख्येनुसार, जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद ताळतंत्र सोडतो आणि अवयव निकामी होऊ लागतात, तेव्हा तो सेप्सिस. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते. खुद्द एलएल-३७ही निव्वळ रक्षक नाही. प्रमाण वाढले की ते आपल्याच पेशींना इजा करते. सोरायसिसमध्ये ते आपल्याच मृत पेशींच्या डीएनएला बिलगते आणि नसलेल्या शत्रूविरुद्ध शरीराला पेटवते. रेणू तोच आणि गुणधर्मही तेच, बदलते ते प्रमाण, स्थळ आणि वेळ. म्हणून हितकारकता ही वस्तूच्या अंगची नसून संबंधातून येणारी गोष्ट आहे, असे मला ठामपणे वाटते.

यावर कुणी म्हणेल, दोष कमतरतेचा असेल, तर हे रक्षक बाहेरून द्यावेत. जिवाणूंचे विष निष्प्रभ करणारे, श्वेतपेशींतलेच एक प्रथिन मेनिंगोकॉकस या जिवाणूमुळे गंभीर सेप्सिस झालेल्या मुलांना देऊन पाहिले गेले. २०००मध्ये निष्कर्ष आले. मृत्यू घटल्याचे सिद्ध झाले नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: रेणूला हित-अहित कळत नाही, मग त्याला नीतीच्या तराजूत का तोलायचे? हे मला मान्यच आहे. शहाणपण रेणूत नाही, ते आपण त्याला बहाल करतो, आणि ‘शरीर आपोआप सावरेल’ म्हणत थांबतो तेव्हा त्याची किंमत रुग्ण मोजतो. श्रद्धाळू वाचकाने यात देवाचा अव्हेर पाहू नये. समतोल दोष देह धारण करतात आणि बिघडले की तेच रोग होतात, असे आयुर्वेद सांगतो. त्यात पेप्टाइडांचे भाकीत शोधणे भाबडेपणाचे होईल, पण ‘नैसर्गिक ते निर्धोक’ या समजुतीपेक्षा तो विचार कितीतरी प्रामाणिक आहे. आणि सृष्टी ईश्वराची मानली, तर डॉक्टरची बुद्धीही त्याच सृष्टीतली. तेव्हा संसर्ग झालेल्या माणसाला धाप लागली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची लघवी कमी झाली, तर वाट पाहू नका. त्याला तत्काळ रुग्णालयात न्या.