मरीबाचे पाणी

मिर्यामेने निंदा केली असताही मोशेने तिच्या आरोग्यासाठी देवाचा धावा केला. त्याच्या नम्रतेची साक्ष गणनेच्या १२ व्या अध्यायात आहे. परंतु २० व्या अध्यायात तोच मोशे मरीबा येथे कुरकुर करणाऱ्या लोकांवर संतापला. खडकाशी बोलावयाचे सोडून त्याने त्यावर दोनदा काठी मारली. पाणी विपुल निघाले. मोशे मात्र कनानात गेला नाही.

आम्हीही रागावून काम करून घेतो, आणि काम झाले म्हणून राग योग्यच होता असे समजतो. हीच आमची फसवणूक होय. कालची लीनता आज पुरत नाही. ती नित्य मागावी लागते. म्हणून घरात, मंडळीत किंवा शेताच्या बांधावर कठोर शब्द ओठांशी येताच आपण आधी प्रभूशी बोलू, मग माणसाशी.