उसनी वाक्यं पुरे झाली

पोरांनो, आज गोड बोलणार नाही. तुमच्या संशोधन आराखड्यांचा गठ्ठा वाचून झालाय. जे वाचलं ते तोंडावर सांगितलं नाही, तर मास्तर म्हणवून घेण्यात अर्थ नाही.

एका आराखड्याचं पहिलं पान चकाचक इंग्रजीत. लांबलचक वाक्यं, जड शब्द, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. विषय औसा तालुक्यातल्या सोयाबीन उत्पादकांचं कर्ज. पहिल्याच वाक्यातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला, तर मान खाली. पान उलटलं. मागे त्याच मुलानं स्वतः लिहिलेल्या ओळी होत्या : 'फार्मर सेल सोयाबीन इन ऑक्टोबर बिकॉज लोन इज ड्यू. प्राइस इज लो दॅट टाइम.' क्रियापदं लंगडी, आर्टिकल गायब. पण त्या ओळींत माहिती होती, कारण होतं, डोळ्यांनी पाहिलेलं गाव होतं. पहिल्या पानात काहीच नव्हतं. आणि पठ्ठ्या मागच्या ओळी खोडून पहिलं पान मिरवत होता! लाज कशाची वाटायला हवी, हेच तुम्हाला कळेनासं झालंय.

'सर, आम्ही मराठी माध्यमाचे.' हे रडगाणं बंद करा. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. एम. ए.ला येईपर्यंत पंधरा वर्षं ती भाषा तुमच्या दप्तरात होती. तुमच्या पणजोबांच्या वाट्याला निजामाचं राज्य आलं. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं. घरात मराठी आणि कचेरीत उर्दू, अशा मुलखात ती माणसं शिकली. ज्यांचं नाव तुमच्या पदवीवर छापून येतं, ते स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तर होते. हैदराबादच्या लढ्याच्या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. पुस्तक १९६७ साली निघालं. आपल्या मुलखाची लढाई त्यांनी मुलखाबाहेरच्या वाचकाला सांगितली. तुम्ही त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात बसून नेटवरचा परिच्छेद उचलता!

कष्ट जमत नाहीत, असंही सांगू नका. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी लातूरच्या ट्यूशन एरियात दोन-दोन वर्षं काढलीत. पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रश्नसंच सोडवलेत. अंग मोडून मेहनत तुम्हाला करता येते. पण ती मेहनत चार पर्यायांतला एक गोल काळा करायची. कोरा कागद पुढे आला की हात थिजतो, कारण स्वतःचं वाक्य करायची सवय ना कुणी लावली, ना तुम्ही लावून घेतली. बी. ए.ला अनिवार्य इंग्रजीचा पेपर गाइड पाठ करून काढलात. आता गाइडच्या जागी मोबाइलमधलं एआय आलं, एवढाच फरक.

या उसनवारीची किंमत ठाऊक आहे? यूजीसीचे वाङ्मयचौर्यावरचे २०१८चे नियम काढून वाचा. प्रबंधाचं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं, तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. ४० च्या वर गेलं, तर वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही. ६० ओलांडलं की नोंदणीच रद्द.

आता चुका ऐका. मराठीत 'मी पाच वर्षांपासून नांदेडात राहतो' हे बरोबर. तोच साचा इंग्रजीत नेऊन तुम्ही 'आय अ‍ॅम लिव्हिंग सिन्स फाइव्ह इयर्स' करता. तिथे 'आय हॅव बीन लिव्हिंग फॉर फाइव्ह इयर्स' हवं. मराठीत आर्टिकल नाहीत, म्हणून 'अ' आणि 'द' तुमच्या हातून गळतात. या चुका सरावानं जातात. त्याहून मोठी चूक विचाराची. साठ शेतकऱ्यांना भेटता आणि लिहिता, 'धिस प्रूव्ह्ज दॅट ऑल फार्मर्स ऑफ मराठवाडा...' साठ माणसांच्या जिवावर अख्खा मराठवाडा सिद्ध होत नाही. 'प्रूव्ह्ज' खोडा, 'सजेस्ट्स' लिहा. जेवढा पुरावा तेवढाच दावा. हे जमलं नाही, तर नुसत्या शुद्ध इंग्रजीला मी गुण देणार नाही.

बोलण्याचंही तेच. सेमिनारला उभे राहता आणि स्लाइड वाचून दाखवता. प्रश्न आला की मार्गदर्शकाच्या तोंडाकडे बघता. एखादी मुलगी तोडकंमोडकं का होईना, स्वतःचं बोलू लागली, की मागच्या बाकावरून खिदळता. हे यापुढे खपवून घेणार नाही. जो हसेल, त्यानं त्याच दिवशी उभं राहून पाच मिनिटं बोलायचं.

रोज दीडशे शब्द, इंग्रजीत, वहीत, हातानं. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तला एक परिच्छेद घ्या. दावा कुठला, पुरावा कुठला, खुणा करा. अंक मिटा, आपल्या शब्दांत लिहा, मग ताडून पाहा. रोज पाच मिनिटं मित्राशी आपल्या विषयावर इंग्रजीत बोला, रेकॉर्ड करा आणि स्वतः ऐका. विष्णुपुरीच्या मुख्य परिसराचे असा की लातूर उपकेंद्राचे, सगळ्यांना हाच नियम.

इतकं बोलतो, कारण जीव तुटतो. कर्ज, दुष्काळ, पडलेला भाव हे तुमच्या घरातलं आहे. त्यावर बाहेरचे लोक येऊन लिहितात, आणि तुम्ही त्यांचीच वाक्यं उचलून आपल्या गावावर चिकटवता. हे थांबलं पाहिजे.

सोमवारी वह्या तपासणार. चुकांनी भरलेलं पान आणा, लाल पेन घेऊन मी बसलोच आहे. कोरं पान किंवा उसनं पान घेऊन मात्र माझ्यासमोर यायचं नाही.