जुन्या पत्त्यावर कोण येणार?

तालुक्याच्या एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयाने शताब्दी वर्षात आपली वेबसाइट नवी करायला घेतली. काम आलं गावातल्याच एका मुलाकडे. बालविभागातली पुस्तकं वाचत मोठा झालेला आणि आता पुण्यात संगणकाची नोकरी करणारा हा मुलगा. पैसे घ्यायचे नाहीत, हे त्याने आधीच सांगून टाकलं होतं.

जुन्या साइटवर गावच्या इतिहासावरचे लेख, व्याख्यानमालेचे वृत्तान्त, जुन्या वाचकांच्या आठवणी असं बरंच काही साठलेलं होतं. प्रत्येक लेखाचा पत्ता देवनागरीत होता. दिसायला छान, पण तो कॉपी करून कुणाला पाठवला की एकेका अक्षराच्या, अगदी काना-मात्रेच्याही जागी टक्क्याच्या खुणांसकट नऊ-नऊ चिन्हं उमटायची. चार शब्दांच्या शीर्षकाचं तीन ओळींचं गिचमीड व्हायचं. मुलाने सगळे पत्ते रोमन लिपीत आखूड केले. डोमेनचं नाव लांबलचक होतं, तेही सुटसुटीत घेतलं आणि जुनं डोमेन नव्या साइटला जोडून दिलं. यातलं काहीच चुकीचं नव्हतं. अध्यक्षांनी कळ दाबली, टाळ्या झाल्या.

मग ग्रंथपाल बाईंकडे तक्रारी येऊ लागल्या. एका शिक्षिकेने नववीच्या मुलांना प्रकल्पासाठी गावच्या तळ्यावरच्या लेखाची लिंक दिली होती. मुलांना दिसलं ते नुसतं ‘404, पान सापडलं नाही’. शताब्दीच्या स्मरणिकेत छापलेला क्यूआर कोडही तिथेच नेत होता, आणि स्मरणिका तर घरोघर पोचलेली. छापलेलं परत कसं घेणार?

"बाई, लेख सगळे जागेवर आहेत," मुलगा म्हणाला. "एकही पुसलेला नाही. शोधाच्या चौकटीत नाव टाकलं की मिळतो."

"आहेत हे तुला माहीत, मला माहीत. आलेल्या माणसाला कसं कळावं?"

बाई त्याला कपाटापाशी घेऊन गेल्या. चरित्रांच्या रांगेत मध्येच पुस्तकाच्या उंचीची एक लाकडी फळी उभी होती. तिच्यावर कागद चिकटवलेला आणि बाईंच्या अक्षरात लिहिलेलं: पुस्तकाचं नाव, दाखल क्रमांक, ‘आता संदर्भ विभाग, कपाट 7’. ग्रंथालयात हिला डमी म्हणतात. मग बाईंनी दाखल रजिस्टर उघडलं. वाळवीने खाल्लेल्या एका पुस्तकापुढे ‘बाद’ असा शेरा होता, पण त्याचा क्रमांक पुन्हा दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाला दिलेला नव्हता.

मुलाच्या लक्षात आलं. वेबवरही अशी फळी ठेवता येते. तिचं नाव 301, म्हणजे पान कायमचं हललं, नवा पत्ता हा. वाचक तर योग्य जागी पोचतोच, शिवाय गूगलसारख्या शोधयंत्रांनाही बदल कळतो. पण त्याने आधी सोपी वाट धरली आणि सगळे जुने पत्ते एकदम मुखपृष्ठाकडे वळवले. बाईंना ते मुळीच पटलं नाही. "तळ्याचा लेख मागायला आलेल्याला परत दारात नेऊन उभं करायचं?" मला विचाराल तर ही पळवाट 404 पेक्षाही वाईट. 404 निदान खरं तरी सांगतं.

मग तो नीट कामाला बसला. जुन्या साइटच्या बॅकअपमधून पत्ते काढले. बॅकअपमध्ये नसलेले इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये शोधले. एका रकान्यात जुना पत्ता, शेजारी नवा. प्रत्येक जुना पत्ता थेट शेवटच्या पत्त्याला जोडला, मध्ये थांबे ठेवले नाहीत. काही सूचना खरोखरच कालबाह्य झाल्या होत्या. त्यांच्या जागी 410 लावला, म्हणजे ‘बाद’. आणि 404 च्या कोऱ्या पानावर त्याने शोधाची चौकट आणि वाचनालयाचा फोन नंबर घातला.

हे एका गावापुरतं नाही. प्यू रिसर्च सेंटरने 2024 मध्ये दिलेल्या अहवालानुसार 2013 साली असलेल्या वेबपानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्यांतली कितीतरी कुणीतरी कष्टाने लिहिलेली असतील, याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटी मुलाने विचारलं, "जुनं डोमेन पुढच्या वर्षी सोडून देऊ का? उगाच दोन-दोन फिया."

"आणि ते दुसऱ्या कुणी घेतलं तर?"

घेता येतंच. मुदत संपून सुटलेलं डोमेन कुणीही विकत घेऊ शकतो, आणि मग स्मरणिकेतला तोच क्यूआर कोड एखाद्या जुगाराच्या जाहिरातीवर नेऊ शकतो. बाईंनी विषय कार्यकारिणीपुढे ठेवला. ठराव एकमताने मंजूर झाला: नियतकालिकांच्या वर्गणीसोबत जुन्या डोमेनची फीही दर वर्षी अंदाजपत्रकात धरावी, आणि पत्त्यांच्या तक्त्याची एक छापील प्रत दाखल रजिस्टरसोबत ठेवावी.