न झालेली तपासणी आणि दैव

स्तनाच्या कर्करोगाची चाळणी तपासणी जिला काहीही होत नाही अशा बाईसाठी असते. गाठ लहान असताना, दुखत नसताना, घरातल्या कोणाच्या लक्षात आलेली नसताना ती शोधायची, एवढाच तिचा हेतू. म्हणूनच साथ आली की ही तपासणी सर्वांत आधी बंद पडते आणि ती बंद पडली म्हणून ओरड कोणीच करत नाही. तापाने फणफणलेला माणूस दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहतो. जिच्या अंगात गाठ धरू लागली आहे ती शेतावर, चुलीपाशी किंवा मासळीच्या पाटीपाशी नेहमीसारखी कामात असते. कोविडच्या काळात या बंद पडलेल्या तपासणीतून एक जुना प्रश्न नव्याने पुढे आला. नुकसान झाले आहे, पण ते नेमके कोणाचे हे कधीच सांगता येणार नाही. अशा नुकसानीची जबाबदारी कोणाची, की ते दैव म्हणून सोडून द्यायचे?

देशभर लॉकडाऊन लागला तो २५ मार्च २०२० रोजी. नॅशनल कॅन्सर ग्रिड या रुग्णालयांच्या जाळ्यातील ४१ केंद्रांनी त्या वर्षीच्या मार्च ते मे या तीन महिन्यांची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी केली. सर्व प्रकारच्या कर्करोगांच्या नव्या रुग्णांची नोंद १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली, म्हणजे निम्म्याहून अधिक घट. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी कमी झाल्या. चाळणी तपासणी सत्तर टक्क्यांहून अधिक केंद्रांत एक तर पूर्ण थांबली, नाही तर नेहमीच्या पाव क्षमतेपेक्षाही कमी चालली. कर्करोग मात्र त्या तीन महिन्यांत कमी झालेला नव्हता. जे रुग्ण नोंदीत आले नाहीत ते घरीच होते. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने जुन्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब छापला. त्यानुसार स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका सुमारे आठ टक्क्यांनी वाढतो.

रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात, पनवेलच्या बाजूला असलेल्या चिरनेरसारख्या गावातून पाहिले तर हे आकडे रस्त्यावर उतरतात. गावातल्या बाईला पुढची तपासणी हवी असेल तर वाट पनवेलला, तिथून कर्करोग केंद्रांकडे, म्हणजे खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला किंवा परळच्या टाटा रुग्णालयाला जाते. अंतर फार नाही. पण पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवले होते. एसटीची आंतरजिल्हा सेवा २० ऑगस्ट २०२० पर्यंत बंद होती. लोकलमध्ये सर्व महिलांना, तेही ठरावीक वेळांत, प्रवेश मिळाला तो २१ ऑक्टोबरला. स्वतःची गाडी नसलेल्या घरात मधले महिने ‘दुखत नाही ना, मग बघू नंतर’ या एका वाक्यावर निघून जाणे अगदी स्वाभाविक होते. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हीच तिची सर्वांत वाईट खोड आहे.

त्याच काळात आशाताई घरोघरी जात होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्या उंबऱ्याशी उभ्या राहून ताप पाहत, बोटाला ऑक्सिमीटर लावत, घरात कोणाला मधुमेह, हृदयविकार, कर्करोग आहे का ते लिहून घेत. आधीच कळलेला कर्करोग त्या वहीत येऊ शकत होता. न कळलेल्यासाठी एरवी वेगळा अर्ज असतो. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी भरायच्या त्या अर्जात बाईला विचारायचे प्रश्न आहेत: स्तनात गाठ लागते का, बोंडातून स्राव येतो का, आकारात फरक पडला आहे का. आशाताई त्याच, उंबराही तोच. फक्त त्या वर्षी विचारायचे प्रश्न बदलले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी, नाही तर पुढचा सगळा विचार चुकीच्या पायावर उभा राहील. साथीने जे मोडले ते मुळातच फार तोकडे होते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, तीस ते एकोणपन्नास वयोगटातल्या ज्या स्त्रियांची स्तनाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती त्यांचे प्रमाण देशभरात ०.९ टक्के निघाले. शिवाय तपासणी झाली म्हणजे जीव वाचलाच असेही नाही. मुंबईत १९९८ पासून टाटा स्मारक केंद्राने दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर एक मोठा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर निष्कर्ष छापून आला तो २०२१ च्या फेब्रुवारीत, म्हणजे साथीच्या ऐन मध्यावर. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही. महागडे मॅमोग्राफी यंत्र नसतानाही केवळ शिकवलेल्या हातांनी हे साधले, ही या अभ्यासाची मोलाची शिकवण आहे. पण थांबलेल्या प्रत्येक तपासणीमागे एक मृत्यू मोजणे चूक ठरेल, हेही त्यातूनच कळते.

खरी तात्त्विक अडचण इथेच सुरू होते. शंभर स्त्रियांच्या तपासण्या लांबल्या. त्यांतल्या बहुतेकींना काहीच झाले नाही, काहींचा आजार वेळेवर कळूनही बरा होणारा नव्हता आणि एखादी मात्र वाचली असती. ती एखादी कोण, हे तिच्या डॉक्टरला, नवऱ्याला, मुलांना, खुद्द तिलाही कळण्याचा मार्ग नाही. चिरनेरला हुतात्म्यांचे स्मारक आहे. २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीबारात पडलेल्या नाग्या कातकरी आणि त्यांच्या साथीदारांची नावे गाव घेते, दरवर्षी त्यांना मानवंदना देते. गोळी कोणी झाडली आणि ती कोणाला लागली हे तिथे ठरवता येते. लांबलेल्या तपासणीने गेलेल्या बाईचे नाव कोणत्याही दगडावर कोरता येणार नाही, कारण तिच्या मृत्यूपासून मागे जाणारी रेघ त्या लांबणीपर्यंत निश्चितपणे पोचत नाही. अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६८ मध्ये हा भेद दाखवून दिला होता. नाव-चेहरा असलेल्या एका जिवासाठी समाज वाटेल तेवढे मोजायला तयार होतो. आकड्यात दडलेल्या अनेक जिवांसाठी त्याचा हात आखडतो.

नाव नाही म्हटले की दैवाचे नाव पुढे येते. ‘तिचे भोग होते’ हे वाक्य शोकाच्या घरात सांत्वन म्हणून उच्चारले जाते, आणि तेवढ्यापुरते त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण तेच वाक्य व्यवस्थेचे उत्तर बनले की त्याची तपासणी करणे भाग आहे. भारतीय परंपरेत ही तपासणी फार पूर्वी झाली आहे, आणि तीही साथीच्याच संदर्भात. चरकसंहितेच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे गावेच्या गावे उजाड करणाऱ्या रोगांचा आहे. शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो की प्रकृती, आहार, वय सगळे वेगळे असताना माणसे एकाच वेळी एकाच रोगाने का मरतात. आत्रेय वायू, पाणी, भूमी आणि काल यांच्या बिघाडाकडे बोट दाखवतात. त्यामागे अधर्म आणि बुद्धीची चूक सांगतात, आणि या अधर्माची सुरुवात राज्य चालवणाऱ्यांपासून होते असेही सांगतात.

त्याच अध्यायात पुढे शिष्य आणखी धारदार प्रश्न विचारतो: आयुष्य आधीच ठरलेले असते का? आत्रेय तसे मानत नाहीत. आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, या दोन्हींच्या बळावर ठरते. सगळे ठरलेलेच असते तर औषध, पथ्य, सावधगिरी कशालाच अर्थ उरला नसता. गाडीच्या आसाचा दाखला ते देतात. नीट वापरलेला आस आपल्या वेळेला झिजून संपतो, पण अति ओझ्याने, खाचखळग्यांच्या वाटेने, हाकणाऱ्याच्या चुकीने तोच आस मध्येच मोडतो. पहिला काळमृत्यू, दुसरा अकाळमृत्यू. या विचारात दैवाला जागा आहे, पण हाकणाऱ्याने आपली चूक त्या जागेत लपवावी अशी सोय नाही. आस नेमका कोणत्या खड्ड्याने मोडला हे सांगता आले नाही, म्हणून रस्ता दुरुस्त करण्याची जबाबदारी टळत नाही.

मग २०२० च्या मार्चमध्ये तपासणी थांबवणे हा अधर्म होता का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. गीतेच्या अठराव्या अध्यायात नियत कर्माच्या त्यागाचे प्रकार वेगळे केले आहेत: मोहाने केलेला त्याग तामस, शरीराला त्रास होईल या भीतीने केलेला राजस. तपासणी थांबवणाऱ्यांना आपल्या शरीराची भीती तेवढी नव्हती. निरोगी बायांना एका खोलीत जमवून त्यांना संसर्ग द्यायचा नव्हता, आणि असलेली माणसे मरणाच्या दारातल्यांसाठी लागत होती. हा त्याग त्या घटकेला समजण्यासारखा आहे. पण दुसऱ्याच्या हितासाठी बाजूला ठेवलेले कर्म पुन्हा हाती घ्यायचे विसरले, तर तो त्याग हळूहळू मोहाचा होतो. ऑगस्ट २०२० मध्ये मंदिरे उघडा म्हणून राज्यात घंटानाद झाला आणि दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, ती उघडली. श्रद्धाळूंना दर्शनाची उणीव रोज जाणवत होती, म्हणून त्यांनी ती मागितली. त्यात गैर काही नाही. तपासणीची उणीव मात्र जाणवतच नाही, म्हणून ती मागायला कोणी येणार नाही. आणि म्हणूनच ती परत सुरू करण्याचे कर्तव्य मागणीवर सोडता येत नाही.

हे कर्तव्य पार पाडायला लागते ती यादी. इंग्लंडमध्ये पन्नास ते सत्तर वयाच्या स्त्रियांना दर तीन वर्षांनी नावाने पत्र जाते. २०२० मध्ये तिथेही मॅमोग्राफी थांबली, पण पत्र कोणाला गेले नाही हे कळत होते. त्यामुळे सुमारे दहा लाख स्त्रिया राहून गेल्याचा अंदाज एका सेवाभावी संस्थेला मांडता आला आणि त्यांना पुन्हा बोलावणे शक्य झाले. ज्यांची नावे आधी कुठे लिहिलेलीच नव्हती, त्यांच्याबाबतीत कोण राहिले हा प्रश्नही विचारता येत नाही. वाचली असती ती बाई ओळखता येत नाही हे खरे. पण जिची तपासणी राहिली ती ओळखता येते, फक्त तिचे नाव लिहून ठेवलेले हवे. चिरनेरसारख्या गावात ते नाव असण्याची जागा म्हणजे उपकेंद्रातला आशाताईंच्या अर्जांचा गठ्ठा. त्यातून पन्नाशी ओलांडलेल्या, साथीच्या दोन वर्षांत तपासणी चुकलेल्या स्त्रिया आधी निवडायच्या, आणि त्यांनी यावे म्हणून न थांबता आरोग्यसेविकेने त्यांच्या दारी जायचे, हे काम सरकारी यंत्रणेकडे येणे आहे.